टायबरच्या खोऱ्यात राहिलेला माणगावचा नाईक : यशवंत घाडगे

गोव्याहून किंवा सावंतवाडीकडून मुंबईला जाणाऱ्यांना माणगाव माहीत असते ते ट्रॅफिकमुळे. मुंबई-गोवा महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव. गणपतीच्या दिवसांत इथे गाड्यांची रांग लागली की ड्रायव्हर इंजिन बंद करून चहा प्यायला उतरतात. याच माणगावात तहसील कार्यालयाच्या आवारात एका सैनिकाचा पुतळा आहे. महामार्गावरून जाणाऱ्या बहुतेकांना तो ठाऊक नसतो, आणि ठाऊक असला तरी थांबायला वेळ कुणाला आहे?

पुतळा आहे नाईक यशवंत घाडगे यांचा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे हे जवान. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते धारातीर्थी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा, म्हणजे मृत्यूसमयी वय २२ वर्षे आणि पावणेआठ महिने. लग्न झालेले होते. घरी पत्नी लक्ष्मीबाई होत्या. देह शेवटपर्यंत सापडला नाही.

आता हा माणूस रायगड जिल्ह्यातला, तेव्हाच्या कुलाब्यातला. आपल्या सीमाभागाच्या पोर्टलवर त्याची आठवण कशासाठी, असे कुणी विचारेल. त्याला दोन उत्तरे आहेत. एक बेळगावात आहे आणि दुसरे फोंड्यात. दोन्ही ओघात येतीलच.

माणगाव तालुक्यातले पळसगाव-आमडोशी हे यशवंतरावांचे गाव. रायगड किल्ला शेजारच्याच महाड तालुक्यात. भाताची खाचरे, नाचणी-वरीची उतारावरची शेती, पावसाळ्यात चार महिने धो धो पाणी आणि उन्हाळ्यात विहिरीचा तळ, असा हा मुलूख. त्या काळी कोकणातल्या तरुणाला घराबाहेर पडायचे दोनच मोठे रस्ते होते. एक मुंबईच्या गिरणीकडे जायचा, दुसरा पलटणीकडे. दोन्हीकडून घरी यायची ती मनीऑर्डर. मी कॉमर्सचा माणूस, म्हणून मला हे हिशेबाच्या वहीसारखे दिसते. जमेच्या बाजूला पोस्टमनने मोजून दिलेल्या नोटा, खर्चाच्या बाजूला घरातला कर्ता मुलगा. कोकणातली कित्येक घरे अशी पिढ्यान्‌पिढ्या चालली. पलटणीत जाणे म्हणजे काही जगावेगळे धाडस नव्हते, ती नोकरी होती. अंगाने धडधाकट पोरगा आणि गावातले आधी गेलेले कोणीतरी, एवढे पुरे असायचे.

आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झालेला पोरगा म्हणजे बेळगावात आलाच.

ही रेजिमेंट तशी जुनी, १७६८ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या बॉम्बे सिपाही पलटणीपर्यंत तिचे मूळ जाते. १९२२ च्या फेररचनेत वेगवेगळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आणल्या गेल्या आणि तिचे प्रशिक्षण केंद्र बेळगावला आले. तेव्हापासून ते इथेच आहे. कॅम्प भागात राहणाऱ्यांना पहाटेचा बिगुल आणि लाइट इन्फन्ट्रीची ती झपझप चाल काही नवी नाही. बेळगाव कोणत्या राज्यात असावे यावर १९५६ पासून आपण मोर्चे काढतोय, कोर्टात जातोय. पण सातारा, कोल्हापूर, कोकण, नगर आणि सीमाभागातली पोरे या केंद्रात एकाच बराकीत झोपत आली, तिथे हा प्रश्न कुणी काढल्याचे ऐकिवात नाही. असो.

तिसरी बटालियन म्हणजे पूर्वीची ११० वी मराठा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकलेल्या पलटणींपैकी ही एक. दुसऱ्या महायुद्धात तिचे नाव झाले ते इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर, मार्च १९४१ मध्ये. इटालियन फौजा उंच सुळक्यांवर मोर्चे बांधून बसल्या होत्या आणि खालून चढून जायचे होते. रेजिमेंटमध्ये सांगतात की शिवछत्रपतींच्या जयजयकाराची रणगर्जना आजच्या रूपात तिथेच रुळली. केरेनमध्ये या बटालियनचे नेतृत्व करणारे डेनिस रीड पुढे वाळवंटात पकडले गेले, इटलीतल्या कैदेतून निसटले आणि १९४४ मध्ये दहाव्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखाली त्याच डिव्हिजनमध्ये तिसरी मराठा पुन्हा आली. त्याच बटालियनमध्ये नाईक यशवंत घाडगे होते.

इटलीत भारतीय सैनिक काय करत होते, हे थोडे सांगायला हवे, कारण शाळेच्या पुस्तकात हा भाग दोन ओळींत उरकतात. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली, पण देश जर्मनांनी ताब्यात घेतला. मग दोस्तांच्या फौजा दक्षिणेकडून एकेक नदी, एकेक डोंगर काबीज करत वर सरकू लागल्या. भारताच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या अशा तीन डिव्हिजन या लढाईत होत्या, मिळून ५० हजारांवर जवान. इटलीचा नकाशा बघा. मधोमध अपेनाइन पर्वताचा कणा आणि दोन्ही बाजूंनी समुद्राकडे धावणाऱ्या नद्या. दक्षिणेतून उत्तरेकडे जायचे तर प्रत्येक नदी आडवी येणार आणि प्रत्येक टेकडीवर शत्रू बसलेला असणार. बचाव करणाऱ्याला यापेक्षा सोयीचा मुलूख मिळणे कठीण.

४ जून १९४४ ला रोम पडले. जर्मन फौजा उत्तरेकडच्या आपल्या मुख्य तटबंदीकडे मागे हटत होत्या, पण पळत नव्हत्या. थांबत, मारत, पुन्हा थांबत चालल्या होत्या. हीच मागे हटणाऱ्या सैन्याची सगळ्यात घातक पद्धत. मोठी फौज मागे जाते आणि वाटेवरच्या वाडीत, चर्चच्या मनोऱ्यात, ऑलिव्हच्या बागेत एखादी मशीनगन आणि चार-पाच माणसे ठेवून जाते. पुढे येणाऱ्याला दिवसभर अडवून धरायला तेवढी पुरतात. पेरुजिया शहराच्या उत्तरेला टायबरचे वरचे खोरे आहे. रोममधून वाहणारी तीच टायबर, इथे मात्र ती डोंगरातली लहान नदी. उंबर्तिदे, मोन्तोने, चित्ता दि कास्तेल्लो ही त्या खोऱ्यातली गावे. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात दहावी डिव्हिजन इथे टेकडी टेकडीने लढत होती.

१० जुलैला मराठ्यांच्या एका कंपनीने शत्रूच्या पक्क्या मोर्चावर हल्ला चढवला. नाईक घाडगे त्यातल्या एका रायफल सेक्शनचे प्रमुख होते. सेक्शन म्हणजे साधारण दहा माणसांची तुकडी, पायदळातला सगळ्यात लहान कुटुंबकबिला म्हणा ना. एकाच डेगचीतले जेवण, एकमेकांची पत्रे एकमेकांना माहीत, कुणाच्या घरी काय चालले आहे ते सगळ्यांना ठाऊक. नाईक हा त्यांचा प्रमुख, पण अधिकारी नव्हे. त्यांच्यातलाच एक, फक्त बाहीवर दोन फिती जास्त.

हल्ला चालू असताना अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. काही क्षणांत सेक्शनमधला प्रत्येक माणूस ठार झाला किंवा जखमी होऊन पडला. उभे राहिले एकटे घाडगे.

इथे थोडे थांबावे असे मला वाटते. शौर्यपदकाच्या कागदात हा क्षण एका वाक्यात येतो, आणि त्यात मुद्दाम नोंदवले आहे की सोबत यायला आता कोणी उरलेले नाही हे घाडगे यांना पुरते माहीत होते. म्हणजे आवेशाच्या भरात मागे बघायचे राहून गेले, असे नव्हे. माणसे पडलेली त्यांनी पाहिली होती. अशा वेळी आडोसा धरून पडून राहिले असते तर त्यांना कुणीही नाव ठेवले नसते. लष्करी नियमात नाही, माणुसकीतही नाही. कंपनीची बाकीची तुकडी मागे होतीच. पण मशीनगन चालू होती, आणि समोर उघड्यावर त्यांचीच जखमी माणसे पडली होती. त्यांच्या मनात काय आले ते त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी काय केले ते नोंदलेले आहे.

ते सरळ मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब फेकला. त्याने गन निकामी झाली आणि ती चालवणारा मारला गेला. मग हातातल्या टॉमीगनने दुसऱ्याला टिपले. टॉमीगनचे मॅगझीन संपले. नवे चढवायला दोन-चार सेकंद लागतात आणि समोर अजून दोघे होते, हाताच्या अंतरावर. घाडगे यांनी गन नळीकडून धरली, लाठीसारखी, आणि दस्त्याच्या घावांनी त्या दोघांना संपवले.

वीरगाथा सांगताना हा भाग आपण मोठ्या आवाजात सांगतो. मला तो वाचताना दर वेळी जरा कसेसे होते. तापलेली नळी हातात, समोर आपल्याच वयाची जिवंत माणसे, आणि अंतर एवढे की चेहरा दिसतो. हा काही पोवाड्यातला दांडपट्टा नव्हे. बावीस वर्षांच्या पोराने करावे असे हे काम नाही, पण त्या दिवशी ते त्याच्या वाट्याला आले आणि त्याने अर्धवट सोडले नाही, एवढेच.

तो मोर्चा आता घाडगे यांच्या ताब्यात होता. तेवढ्यात लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांच्या छातीवर आणि पाठीवर गोळ्या झाडल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला.

२ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा झाली. पुढल्या वर्षी, १९४५ मध्ये, दिल्लीत लाल किल्ल्यावर व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते ते पदक देण्यात आले. घ्यायला गेल्या लक्ष्मीबाई.

लष्करी इतिहासाच्या पुस्तकांत लक्ष्मीबाईंचा उल्लेख एवढाच, विधवा पत्नीने पदक स्वीकारले. पण जरा विचार करा. कोकणातल्या खेड्यातली तरुण बाई. तिचा नवरा ज्या देशात मेला, तो देश तिने नकाशावरही पाहिलेला असण्याची शक्यता कमीच. मुघलांनी बांधलेला किल्ला, समोर इंग्रज लाटसाहेब, भोवती बँड आणि सलामी, आणि तिच्या हातात ठेवले जाते ते किरमिजी फितीला लावलेले काशाचे एक लहानसे पदक. साम्राज्यातला सगळ्यात मोठा मान. पैलवानाच्या कड्याएवढेही वजन नसेल त्याला.

आणि मागे देह नाही. कोकणात काय, देशावर काय, आपल्याकडे माणूस गेला हे मन कबूल करते ते चितेजवळ. अस्थी सावडायच्या, दहावा करायचा, कावळा शिवायची वाट बघायची. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून विधी उरकण्याची रीत आहे, पण पुतळा तो पुतळाच. युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या घरी वर्षानुवर्षे दाराकडे डोळे लागून राहतात, हे सीमाभागातल्या सैनिकांच्या गावांनी १९६२, १९६५ आणि १९७१ नंतरही पाहिले आहे. घाडगे यांच्या मृत्यूबद्दल शंका नव्हती, ते सरकारी कागदात होते. तरी शेवटचे दर्शन कुणालाच झाले नाही. इटलीत मोन्ते कासिनोच्या पायथ्याशी जे युद्धस्मारक आहे, त्यावर कबर नसलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरली आहेत. त्यात यशवंत घाडगे हे नाव आहे.

याच रेजिमेंटला दुसऱ्या महायुद्धात आणखी एक व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तोही इटलीतच. शिपाई नामदेव जाधव, पहिली बटालियन, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठावर त्यांनी गोळ्यांच्या वर्षावातून दोन जखमी साथीदारांना बाहेर काढले, मग एकट्याने मशीनगनचे तीन मोर्चे बंद पाडले आणि बंधाऱ्यावर चढून मराठ्यांची रणगर्जना देत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. जाधव वाचले, हवालदार झाले, १९८४ पर्यंत जगले. योगायोग असा की त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९२१ चा. घाडगे यांच्यापेक्षा बरोबर दोन दिवसांनी लहान. एकाच रेजिमेंटचे, एकाच आठवड्यात जन्मलेले, एकाच देशात एकच पदक मिळवणारे दोघे. एकाला चाळीस वर्षे जास्त मिळाली. कोकणच्या घराला ती मिळाली असती तर, हा विचार मनात येतोच.

आता एक अवघड गोष्ट. घाडगे लढले ते ब्रिटिशांच्या फौजेतून. १९४२ चे चले जाव आंदोलन नुकतेच होऊन गेलेले, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चाललेले, आणि तिकडे इंफाळ-कोहिमाच्या आघाडीवर आझाद हिंद सेना ब्रिटिशांच्या विरोधात उभी. अशा वेळी इंग्रजांचे पदक मिळवणारा सैनिक आपला वीर म्हणायचा की नाही, या कोड्यात आपण बरीच वर्षे काढली. स्वातंत्र्यानंतर अशी नावे पाठ्यपुस्तकांतून आणि चौकांतून मागेच राहिली. मला हे माप चुकीचे वाटते. पळसगावच्या पोराला युद्ध निवडायला कुणी सांगितले नव्हते. ते दिल्लीत आणि लंडनमध्ये ठरले होते. त्याच्या समोर होती ती मशीनगन आणि पडलेली दहा माणसे. शिवाय समोरची फौज नाझी जर्मनीची होती, हेही विसरून चालणार नाही. नाना पाटलांबद्दल आदर ठेवूनही यशवंत घाडगे यांना मुजरा करता येतो. एकाने दुसऱ्याचे काही कमी होत नाही.

आणि ती बटालियन काही इंग्रजांबरोबर निघून गेली नाही. स्वातंत्र्यानंतर तिसरी मराठा छत्रीधारी झाली आणि १९५२ मध्ये तिचे नाव पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन असे झाले. दोन पॅरा, मराठा. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या मोहिमेत पन्नासाव्या पॅरा ब्रिगेडबरोबर जी पलटण पूर्वेकडच्या वाटेने फोंड्यात उतरली, ती हीच. गोव्यातल्या ज्येष्ठ वाचकांपैकी काहींनी त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे राहून या जवानांना हात केला असेल. पुढे ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशात टांगाइलला विमानातून उड्या मारून ढाक्याची वाट मोकळी करणारेही हेच. घाडगे यांची पलटण म्हणून तेव्हा कुणी त्यांच्याकडे पाहिले नसेल. पण पलटणींची आठवण माणसांपेक्षा लांब असते, आणि बटालियनच्या इतिहासात १० जुलैची नोंद आहेच.

इटलीने मात्र अलीकडे एक गोष्ट केली, जी आपल्याकडे फारशी गाजली नाही. जुलै २०२३ मध्ये पेरुजिया प्रांतातल्या मोन्तोने गावाच्या नगरपालिकेने आणि तिथल्या युद्ध-इतिहास अभ्यासकांनी मिळून यशवंत घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उभारले. पुतळा नाही, तोफ नाही. सूर्यघड्याळ. उन्हाच्या सावलीवर वेळ दाखवणारे, जुन्या पद्धतीचे, चालू स्थितीतले. त्यावर लॅटिनमध्ये, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाची ओळ आहे. त्या कार्यक्रमाच्या वेळी भारत सरकारने जी माहिती दिली तीत आकडे होते. इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले ६ भारतीयांना. भारतीय सैन्याची हानी २३,७२२, त्यात मृत्यू पावलेले ५,७८२. इटलीभर पसरलेल्या ४० युद्धस्मारकांमध्ये आणि दफनभूमींमध्ये त्यांच्या खुणा आहेत.

५,७८२ हा आकडा मी दोनदा वाचला. एखाद्या मध्यम आकाराच्या गावाची सगळी लोकसंख्या. त्यातल्या किती जणांच्या घरी लक्ष्मीबाईंसारखी कुणी होती, ते त्या रकान्यात येत नाही.

आपल्या भागातली, विशेषतः गोव्यातली बरीच मंडळी हल्ली युरोपात नोकरीला आहेत, काही इटलीतही. त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. मोन्तोने हे पेरुजियाच्या उत्तरेला, उंबर्तिदेच्या पुढे, टेकडीवरचे जुने तटबंदीचे गाव आहे. कासिनोचे युद्धस्मारक रोमपासून आग्नेयेला सुमारे १४० किलोमीटरवर, नेपल्सच्या वाटेवर आहे. तिथे नावे रेजिमेंटनुसार कोरलेली आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिळाफलक शोधायचा. आणि ज्यांना इटली दूर पडते त्यांनी पुढच्या गणपतीला माणगावात गाडी अडकली की उतरून तहसील कार्यालय विचारावे. नाहीतरी गाडी हलणार नसतेच.